मानाजीमामांच्या पोटातले जंत

माझी पीएचडी सोळा कोंबड्यांच्या पोटात होती. ती बाहेर काढायला दोन दिवस उरले असताना गुंडोमामांनी त्या सोळाही कोंबड्यांच्या पायांतली नंबरांची कडी काढली आणि चिंच लावून घासायला घेतली.

मी प्रमोदिनी. बार्शीची, जनावरांची डॉक्टर. चार वर्षं चेन्नईत राहून मी एकाच प्रश्नाच्या मागे लागले आहे. कोंबडीच्या आतड्यात लांब, पांढरे, शेवईसारखे जंत होतात; ते काही कोंबड्यांना ढीगभर होतात आणि काहींना जवळजवळ होतच नाहीत, असं का? (शेवयांची खीर मी सोडली, हे वेगळं सांगायला नको.) माझं म्हणणं असं, की जंतांची अंडी अगदी थोडी थोडी, पुन्हा पुन्हा पोटात गेली तर कोंबडीचं आतडं त्यांना ओळखायला शिकतं, आणि पुढे मोठा हल्ला झाला तरी जंतांना थारा देत नाही. म्हणणं सोपं आहे. सिद्ध करायला गेलं की घाम फुटतो.

माझी पहिली खेप चेन्नईतल्या वेलचेरीच्या पुरात गेली. दुसरी खेप एका रविवारी हॉस्टेलच्या आचाऱ्यानं, कुणीतरी मेजवानीसाठी पाठवल्यात अशा समजुतीनं, मिरी घालून शिजवली. त्यांच्या पोटात काय होतं ते जेवणाऱ्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आता ही तिसरी खेप, आणि माझे गाइड डॉक्टर नारायणस्वामी डिसेंबरअखेर निवृत्त होणार. चौथी खेप नाही. ही गेली तर मी चार वर्षं नुसत्या कोंबड्या राखून बार्शीला परत जाणार, आणि आमच्या आईला तेच हवं आहे.

त्यात कॉलेजच्या शेडचं छप्पर ऑगस्टमध्ये खचलं. सरांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी काढली आणि म्हणाले, दुरुस्ती होईपर्यंत कोंबड्या कुठेतरी कोरड्या जागी ठेव. मी वेलचेरीत ज्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहते त्याची गच्ची कोरडी होती आणि तिच्यावर पत्र्याची शेडही होती. प्रश्न एवढाच होता, की घर गुंडोमामांचं होतं.

गुंडोमामा म्हणजे तंजावरचे मराठी ब्राह्मण, वय एकोणऐंशी, सरकारी कचेरीतले रेकॉर्ड सांभाळणारे निवृत्त हेड क्लार्क. बायको भवानीबाई जाऊन सात वर्षं झाली, मुलगी संयुक्ता अमेरिकेत. मी पहिल्या दिवशी त्यांना काका म्हटलं तर म्हणाले, इथे काका म्हणजे कावळा, मामा म्हण. मांसाहारी माणूस जिन्यावरून गेला तर जिना धुणारे हे गृहस्थ कोंबड्यांना गच्ची देतील असं मला वाटत नव्हतं. पण मी सोळा नंबर, सोळा पिंजरे, रोजची नोंदवही असं सांगायला लागले आणि त्यांचे डोळे चमकले.

"रजिस्टर आहे म्हणतीस? तर मग येऊं दे," ते म्हणाले. "मांस शिजवायचें नाही, एवढेंच."

गुंडोमामांची अडचण अशी, की त्यांना बोलायला लागतं. मी जिना चढले की ते दारात. "काय गे पोरी, कोठे धाऊलीस? जेवलीस का? बैस की जरा." मग तंजावरचं तळं, कुणाची मुंज, कुठल्या आत्यानं किती डब्बे भरून काय केलं. त्यांचं मराठी ऐकून पहिले सहा महिने मला वाटायचं की एखादी जुनी सनद बोलायला लागली आहे. मी दरवेळी एकच उत्तर द्यायची: "घाई आहे मामा." रोज थोडे थोडे गुंडोमामा असं करत करत माझ्या अंगात त्यांच्याविरुद्ध चांगली प्रतिकारशक्ती तयार झाली होती.

तर, आठ कोंबड्यांना मी आधी बरेच आठवडे जंतांच्या अंड्यांचे छोटे डोस दिले होते. त्या शिकलेल्या. उरलेल्या आठ कोऱ्या. मग शिकलेल्यांची पोटं औषधानं साफ केली आणि सोळाही जणींना एकाच दिवशी मोठा डोस दिला. सहा आठवडे थांबायचं आणि मोजायचं, कुणाच्या पोटात किती जंत. शिकलेली कोणती आणि कोरी कोणती हे कळायला दोनच गोष्टी होत्या: पायातलं ॲल्युमिनियमचं कडं आणि पिंजऱ्यावरची नंबराची पट्टी. बाकी सोळाही पांढऱ्या, एका वयाच्या, एका कंपनीच्या.

आयुधपूजा बुधवारी आली. शुक्रवारी कॉलेजची व्हॅन कोंबड्या न्यायला येणार होती. चेन्नईत त्या दिवशी रिक्षापासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. मी सकाळी कॉलेजात जाऊन मायक्रोस्कोपला कुंकू लावलं, चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खाल्लं आणि दुपारी घरी आले. दृष्ट काढून रस्त्यात फोडलेल्या कोहळ्यावरून घसरता घसरता वाचले आणि गच्चीवर गेले.

सोळा कोंबड्या गच्चीभर मोकळ्या हिंडत होत्या. प्रत्येकीच्या कपाळावर, म्हणजे तुऱ्याच्या खाली, चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. पाय हळदीनं पिवळे. पिंजरे धुऊन पालथे घातलेले. मधे पाटावर सरस्वतीचा फोटो, फोटोपुढे माझी नोंदवही, नंबरांच्या सोळा पट्ट्या आणि एका चांदीच्या ताटलीत लखलखणारी सोळा कडी.

"मामा, हे काय केलंत?"

"पूजा केलों," मामा हात पुसत म्हणाले. "ड्रायव्हर गाडी धुतो, शिंपी मिशीन पुसतो. तुझीं आयुधें हीं. तूं तर घरीं नव्हतीस. कडीं किती कळकट होतीं गे! चिंचेनें घासलों, पाहा कशीं झालीं."

"कुठलं कडं कुठल्या कोंबडीचं होतं?"

मामांनी ताटलीकडे पाहिलं. मग कोंबड्यांकडे. मग परत ताटलीकडे.

"अय्यो," ते म्हणाले.

मी त्या क्षणी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बार्शीची शिवी तंजावरच्या माणसाला समजत नाही हे एक बरं. मी निदान कडी तरी उचलावीत म्हणून पुढे झाले, तर मामा आडवे आले. पूजेत मांडलेली वस्तू त्या दिवशी उचलायची नाही. पुस्तक वाचायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही. उद्या विजयादशमी, उद्या सकाळी पुन्हा पूजा करून मग घ्यायचं. आमच्याकडे खंडेनवमीला आजोबा हेच सांगायचे, म्हणून मला त्यावर धड भांडताही येईना. मी गच्चीच्या पायरीवर बसले आणि रडले. एक कोंबडी येऊन माझ्या चपलेचा अंगठा टोचायला लागली.

"मानाजीमामा, इकडे या. तिला त्रास देऊं नका," गुंडोमामा म्हणाले.

कोंबडी वळली आणि त्यांच्याकडे गेली.

मी डोळे पुसले. "कोण मानाजीमामा?"

"माझ्या आईचा भाऊ. कुंभकोणमांत होता. सर्वांच्या आधीं पानावर बसायचा आणि सर्वांच्या मागून उठायचा."

"मामा, ती कोंबडी आहे. बाई आहे."

"स्वभाव तोच," मामा म्हणाले.

मग कळलं ते असं. सहा आठवडे, मी कॉलेजला गेले की, मामा गच्चीवर खुर्ची टाकून बसत होते. सोळाही कोंबड्यांना त्यांनी आपल्या नातेवाइकांची नावं दिली होती. मान तिरकी करून बघणारी ती चंद्रमौळी भाऊजी. दाणे टिपण्याआधी चार वेळा विचार करणारी राणोजी. सदा तक्रारीच्या सुरात ओरडणारी जननी वहिनी. हडकुळी, एका पायावर उभी राहणारी राजसबाई आत्या. आणि हेड क्लार्क माणूस, त्यामुळे हे सगळं वहीत होतं, प्रत्येक नावापुढे कड्याचा नंबर घालून.

"नंबर लिहिलेत?" मी जवळजवळ त्यांच्या पाया पडले. "मग द्या ना वही!"

"देतों की," म्हणून त्यांनी वही दिली. मी उघडली. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत मोडी. आकडेसुद्धा जुन्या वळणाचे, लांबलचक शेपट्या काढलेले. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. मामा खूश दिसले. वडिलांनी शिकवलेली मोडी लिहिणारे वेलचेरीत आता ते एकटेच आहेत, आणि त्यांच्या मते भारतातही फार नसावेत.

विजयादशमीला सकाळी डॉक्टर नारायणस्वामी आले. सर कमी बोलतात. त्यांनी गच्ची पाहिली, हळदीचे पाय पाहिले, चांदीची ताटली पाहिली आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग इंग्रजीत म्हणाले की म्हातारा घरमालक कोंबड्या ओळखतो, एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. आधी त्या ओळखीची परीक्षा घ्यायची.

परीक्षा त्यांनी स्वतः घेतली. मामांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. प्रत्येक कोंबडीच्या पंखाखाली जांभळ्या औषधानं मनाला येईल तशी वेगवेगळी खूण केली. मग एकेक कोंबडी मामांपुढे धरायची, मामांनी नाव सांगायचं, मी ते खुणेपुढे लिहायचं. सोळा झाल्या की सगळ्या मिसळायच्या आणि पुन्हा. दोन्ही याद्या जुळवल्या. सोळापैकी सोळा बरोबर. सरांचा विश्वास बसेना. तिसऱ्या फेरीत त्यांनी मुद्दाम एकच कोंबडी लागोपाठ दोनदा पुढे केली.

"ही आतांच येऊन गेली," मामा तमिळमध्ये म्हणाले. "विसरायला मला होतें आहे की तुम्हांला, सार?"

सर हसले. मी त्यांना चार वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, ठीक आहे, वाचा आता वही. उद्या नेऊ.

मामांनी चष्मा चढवला, वही उघडली आणि थांबले. "नेऊन काय करणार? मोजायचें कसें?"

मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. आतड्यातले जंत मोजायचे तर आतडं उघडावं लागतं, आणि आतडं उघडलेली कोंबडी परत येत नाही. हे मी मामांना सांगितलं नव्हतं. खोटं बोलले नव्हते, फक्त प्रत्येक वेळी मला घाई होती.

"मामा, ते... पोट उघडून बघतात."

मामांनी वही मिटली. पाटावर ठेवली. आणि तिच्यावर बसले.

"मामा!"

"नाही वाचत."

"मामा, माझी चार वर्षं आहेत त्याच्यात!"

"राजसबाईला कापणार. मानाजीमामाला कापणार." त्यांनी धोतराचा सोगा वहीवर ओढून घेतला. "एकदां जाळून आलों आहे सर्वांना. आणखी एकदां नाही जमायचें मला."

मला इतका राग आला की कान तापले. आणि त्याच वेळी आपण नीच आहोत असंही वाटलं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस वहीवर मांडी घालून बसला आहे, त्याला ओढून काढायचं की काय? मी सरांना म्हटलं, सर, तुम्हीच सांगा यांना.

सर कठड्याला टेकून विचार करत होते. म्हणाले, त्यांच्या विद्यार्थिदशेत एक जुनी रीत होती. कोंबड्यांना जंताचं औषध द्यायचं. मोठे झालेले जंत मरून विष्ठेतून पडतात. प्रत्येक कोंबडीचा ट्रे वेगळा ठेवायचा, आणि तीन दिवस सगळी विष्ठा पाण्यानं चाळून जंत मोजायचे. पोट उघडण्याइतकं काटेकोर नाही, पण चालण्यासारखं आहे. समितीला उलट आनंदच होईल. फक्त हल्ली असलं काम कुणी करत नाही, कारण ते काम कसलं आहे ते उघडच आहे. दोन माणसं लागतील.

"एक मी," मी म्हटलं.

"दुसरा मी," खालून आवाज आला.

मी मामांकडे पाहिलं. हा माणूस कोंबडीचं पीस धोतराला लागलं तर आंघोळ करायचा.

"मामा, विष्ठा चाळायची आहे. हातानं जंत वेचायचे आहेत."

"ऐकलों. बहिरा नाही." ते जागचे हलले नव्हते. "दर वेळीं न्हाण कशाला? तीन दिवसांचें मिळून एकदांच करीन."

सर म्हणाले, आणि वही तीन दिवस तशीच मिटलेली राहू दे. कोणती शिकलेली, कोणती कोरी हे मोजणाऱ्यांनाच माहीत नसेल तर मोजणीवर कुणी संशय घेणार नाही. मग मामांना म्हणाले, बसूनच राहा तुम्ही.

ते तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. व्हॅन रद्द केली. गच्चीवर बादल्या, चाळण्या, चिमटे. मामा जुनं पंचाचं धोतर नेसून पाटावर, वही खाली. नाकाला फडकं, फडक्याला कापूर. ट्रे आला की मी चाळायची, मामा वेचायचे आणि कचेरीत हजेरी घेतल्यासारखे पुकारायचे. "राणोजी, दोन. चंद्रमौळी भाऊजी, शून्य! शाबास, भाऊजी. जन्मभर तुमच्या पोटांत कांही राहिलें नाही, गोष्टसुद्धां." मानाजीमामांचा ट्रे आला की ते सरसावून बसायचे. पहिल्या दिवशी एकोणतीस. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी एक. "एक्केचाळीस! सर्वांच्या पंक्तीला बसला तो, सर्वांचें घेऊन आला."

शेजारच्या इमारतीतले दोन आयटीवाले तरुण बाल्कनीतून बघत होते. त्यांना वाटलं आम्ही काहीतरी घरगुती खत करतो आहोत. त्यांनी किलोचा भाव विचारला. मी त्यांना काय उत्तर दिलं तेही लिहीत नाही.

रविवारी दुपारी सर आले. मामा तीन दिवसांत पहिल्यांदा वहीवरून उठले. वहीला चांगली इस्त्री झाली होती. ते नाव आणि नंबर वाचत गेले, मी माझ्या यादीशी लावत गेले. राणोजी, चार नंबर: शिकलेली, दोन जंत. चंद्रमौळी, नऊ नंबर: शिकलेली, शून्य. जननी वहिनी, पंधरा: कोरी, तेहतीस. मानाजीमामा, अकरा: कोरी, एक्केचाळीस. एकामागून एक खरं निघत होतं. आठ शिकलेल्यांपैकी कुणाच्याही पोटात सहाच्या वर जंत नव्हते. कोऱ्यांपैकी सात जणींत एकोणीसच्या खाली कुणी नव्हतं. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

"राजसबाई," मामा शेवटी म्हणाले, "सात नंबर."

कोरी. आणि जंत फक्त एक.

सरांनी भुवया उंचावल्या. कोऱ्या कोंबडीत एक जंत कसा? मी चाळणी चुकली का, ट्रे बदलला का, असं घाईघाईनं विचारायला लागले. मामा मात्र चष्म्याची काडी चावत बसले होते. मला संशय आला.

"मामा. राजसबाईला तुम्ही काही दिलं होतंत?"

"वावडिंग," मामा अगदी हळू म्हणाले. "काढा करून. दर शनिवारीं."

"सहा आठवडे?"

"एकच चमचा गे. ती बारीक होती. बरी दिसत नव्हती." मग माझा चेहरा पाहून त्यांनी हात जोडले. "माझी राजसबाई आत्या दर शनिवारीं सर्व पोरांना रांगेंत बसवून वावडिंगाचा काढा पाजायची. कडू विष. पाजतांना गोष्ट सांगायची, म्हणून प्यायचों. ही कोंबडी तशीच एका पायावर उभी राहून ऐकते. मी वाटलों, आतां आपण हिला पाजूं."

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. माझ्या प्रयोगात ढवळाढवळ, माझ्या आकड्यांत वावडिंग!

"आपल्या भाषेंत ऐकणारें कोण उरलें आहे गे आतां?" मामा राजसबाईकडे पाहत म्हणाले. "संयुक्ता फोनवर तमिळच बोलते, तिला तें सोपें. तुला तर घाई. ह्या बसतात. पिंजऱ्यांत आहेत, जातील कोठे?"

मी तोंड मिटलं. चार वर्षं मी या माणसाच्या घरात राहिले. माझी भाषा बोलणारा माणूस माझ्या डोक्यावर एक मजला राहत होता, आणि त्याला बोलायला कोंबड्या शोधाव्या लागल्या. मला फार लाज वाटली.

सरांनी घसा साफ केला. म्हणाले, सात नंबर गाळा. सात विरुद्ध आठ पुरेसे आहेत. वावडिंगानं झालं की तिच्या अंगच्या गुणानं, हे एका कोंबडीवरून सांगता येत नाही. पण कारण मात्र प्रबंधात खरं लिहा. मी लिहिलं आहे. एकशे बाराव्या पानावर आहे: कोंबडी क्रमांक सात हिला घरमालकांनी परस्पर वनस्पतिजन्य काढा पाजल्यामुळे तिचे निष्कर्ष वगळले आहेत. मामांना ते वाचून दाखवलं तर त्यांची एकच तक्रार होती, की आत्याचं नाव कुठे नाही.

कोंबड्या गच्चीवरच आहेत. समितीनं मामांच्या नावे लिहून दिल्या. मानाजीमामा आता अंडी घालतात आणि गुंडोमामा ती अंडी शेजारच्या त्या दोघा आयटीवाल्यांना, तोंड फिरवून, कठड्यावरून देतात.

प्रबंध दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी दूध आणायला निघाले तर मामा खाली माझ्या दारात उभे, हातात स्टीलचे दोन पेले. वावडिंगाचा वास जिनाभर पसरला होता.

"इतके दिवस तें चाळलीस, घे हें," ते म्हणाले. "मी पण घेऊलों. राजसबाई आत्याची एक गोष्ट आहे, त्या तळ्यावरची. पण तूं धाऊलीस ना कोठेतरी?"

मी पेला घेतला आणि पायरीवर बसले. एक घोट प्यायले. फार घाण लागतं.

"घाई नाही, मामा," मी म्हटलं. "सांगा."